पदवी कशातली आणि शोध कशाचा

तत्त्वज्ञानात पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या परिचयातल्या दोन गोष्टींची गल्लत करतात : शैक्षणिक पार्श्वभूमी आणि संशोधनाचे विषय. पहिलीवरून कळतं, हा माणूस कुणाजवळ शिकला आणि कोणत्या भाषेतले ग्रंथ मुळातून वाचू शकतो. दुसरीवरून कळतं, सध्या त्याला कोणता प्रश्न स्वस्थ बसू देत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमलकृष्ण मतिलाल यांचंच बघा. कोलकात्यात संस्कृत घेऊन एम.ए. तिथल्या संस्कृत कॉलेजात शिकवता शिकवता परंपरेतल्या पंडितांजवळ न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या न्याय दर्शनाचे, पाठ आणि ‘तर्कतीर्थ’ ही पदवी. मग हार्वर्ड, तिथे संस्कृतचे अभ्यासक इंगॉल्स यांचं मार्गदर्शन, अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइन यांच्याजवळ आधुनिक तर्कशास्त्र आणि १९६५ साली पीएचडी. ही झाली पार्श्वभूमी. प्रबंध होता नव्यन्यायातल्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या नंतरच्या शाखेतल्या, अभावाच्या कल्पनेवर. ‘जमिनीवर घट नाही’ हे आपल्याला कळतं तेव्हा नेमकं काय कळतं, असा तो प्रश्न.

प्रबंधाचं नाव वाचून कुणी त्यांना अभावापुरतंच धरलं असतं, तर मोठी चूक झाली असती. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक असताना, १९८६ मध्ये, त्यांचा प्रत्यक्ष ज्ञानावरचा ग्रंथ आला : बाहेरचं जग आपण थेट पाहतो का, यावर बौद्ध आणि नैयायिक (न्याय दर्शनाचे अनुयायी) शतकानुशतकं भांडले, तो वाद त्यांनी आजच्या तत्त्वज्ञानापुढे मांडला. १९८९ मध्ये तर महाभारतातल्या नैतिक पेचांवरचा लेखसंग्रह त्यांनी संपादित केला. पण म्हणून पार्श्वभूमी मागे पडली असं नाही. पंडितांचे पाठ आणि क्वाइन यांचं तर्कशास्त्र, दोन्ही हाताशी नसतं तर नव्यन्यायाची ती अवघड परिभाषा पाश्चात्त्य वाचकांपर्यंत त्यांनी इतक्या ताकदीने पोहोचवलीच नसती, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे गुरुदेव रा. द. रानडेही सुरुवातीला ग्रीक तत्त्वज्ञांवर लिहीत होते. नंतर १९२६ मध्ये उपनिषदांवरचा आणि १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांवरचा ग्रंथ आला.

म्हणून मार्गदर्शक ठरवताना नुसता प्रबंधाचा विषय पाहून थांबू नका. त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले लेख मिळवून वाचा. आजचा ओढा त्यात दिसेल. पार्श्वभूमीसाठी मात्र भाषेची चौकशी करा. ‘अमृतानुभवा’वर काम करायचं असेल, तर सर किंवा मॅडम ज्ञानेश्वरांची मराठी मुळातून वाचतात का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.