'ईव्हनटाइड'ची पट्टी आणि लय : बेळगावच्या उपासना-गायनाची पार्श्वभूमी

समूहाने गायलेल्या एखाद्या ख्रिस्ती उपासनागीताच्या ध्वनिमुद्रणाखाली पट्टी (गाण्याचा आधारस्वर) आणि दर मिनिटाच्या मात्रा एवढेच लिहिलेले असते, तेव्हा ती नोंद अचूक असूनही अपुरी राहते. बेळगावच्या सीमाभागात तर ती विशेषच अपुरी वाटते. कारण येथे एकच पाश्चात्त्य चाल इंग्रजी उपासनेत ऑर्गनवर, मराठी आणि कन्नड उपासनेत पेटीवर, आणि लष्करी समारंभात ब्रास बँडवर वाजत आली आहे. 'ईव्हनटाइड' ही चाल त्याचे ठळक उदाहरण आहे. हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी १८४७ मध्ये लिहिलेले 'अबाइड विथ मी' हे गीत जगभर गायले जाते ते याच चालीवर.

विल्यम हेन्री मंक यांची ही चाल १८६१ साली 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या इंग्रजी गीतसंग्रहात छापली गेली. मंक त्या संग्रहाचे संगीत-संपादक होते. त्याच वर्षी कोकणात नारायण वामन टिळकांचा जन्म झाला आणि मराठी उपासनागीताला अभंग-ओवीची वाट पुढे याच टिळकांनी दाखवली, हा योगायोग मला नेहमी लक्षणीय वाटतो. चालीची छापील पट्टी ई फ्लॅट मेजर, म्हणजे पेटीवरची काळी दोन. ताल चार मात्रांचा आणि ओळी चार. पहिली ओळ सरगमात लिहिली तर ती 'ग ग रे सा प, ध प प म ग' अशी होते. संपूर्ण चाल षड्जापासून धैवतापर्यंतच फिरते. गाण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ती पेलते, याचे मुख्य कारण हा आटोपशीर पल्ला आहे.

दुसऱ्या ओळीत मात्र एक बारकावा आहे. 'ग म प ध प म' असे जाऊन ओळ 'रे ग' नंतर तीव्र मध्यमावरून पंचमावर विसावते. चार आवाजांत गाताना त्या तीव्र मध्यमाखाली आल्टो, टेनर आणि बेस या खालच्या तीन आवाजांचे स्वरही बदलतात आणि पंचमच क्षणभर नवा षड्ज झाल्यासारखे वाटते. हीच ओळ केवळ एकसुरात गायली, तर मराठी कानाला तिथे यमन किंवा बिहागाची छटा जाणवते. स्वर तेच राहतात, पण त्यांचा अर्थ पार बदलतो.

हा बदल घडण्यामागे वाद्याची रचना आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते क्षेत्र अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. लष्करी छावणीमुळे इंग्रजी उपासनाही येथे रुजली होती. पायाने भाता चालवायच्या ऑर्गनवर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे चारही आवाज वाजवता येतात. हातपेटीवर एक हात भात्यावर अडकतो, उरलेल्या हाताने मुख्य चाल आणि फार तर एखादा जोडस्वर निघतो. ऑर्गनची जागा पेटीने घेतली, तशी चालीखालची हार्मनी, म्हणजे सोबतच्या आवाजांची स्वरसंगती, हळूहळू गळत गेली. ही मराठी गायकांची उणीव मानणे मला अन्यायाचे वाटते. पेटीवर हुकमत असलेल्या माणसांची या भागात कधीच वाण नव्हती. काकतीत जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात कित्येक पिढ्यांना पेटी शिकवली.

पट्टीचेही तसेच आहे. काळी दोनमध्ये बायकांना जवळजवळ सगळी चाल वरच्या भागात धरून ठेवावी लागते. भजन-कीर्तनात मोकळ्या, छातीच्या आवाजाने गाण्याची सवय असलेल्या मंडळीला ते जड जाते. मग पेटीवाला समोरच्या गळ्यांचा अंदाज घेऊन काळी एक किंवा पांढरी एकपर्यंत पट्टी उतरवतो. ब्रास बँडला उलट काळी दोन अगदी सोयीची, कारण त्याची बहुतेक वाद्ये बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्येच बांधलेली असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या शहराला बँडचा नाद परका नाही. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्येही ही धून अनेक वर्षे वाजत असे. २०२२ साली ती वगळण्यात आली.

लयीचा प्रश्न शब्दांशी बांधलेला आहे. इंग्रजी ओळीत दहा अक्षरे असून आघात एकाआड एक पडतो. मराठीत वजन येते ते ऱ्हस्व-दीर्घाने. त्यामुळे भाषांतरात एखादे ऱ्हस्व अक्षर दोन मात्रांच्या स्वरावर ताणले गेले की शब्दच ओळखू येत नाही. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मोडणी या चालीत बसतच नाही. त्यातच तबला किंवा ढोलकी केरव्याने साथ करू लागली की ओळीच्या शेवटचा चार मात्रांचा दीर्घ स्वर ठेक्याने भरून निघतो आणि लय आपोआप पुढे सरकते. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांपासून साकी-दिंडी या नाट्यपदांच्या छंदांवर पोसलेल्या या प्रदेशाला असे चालते गाणे अधिक जवळचे वाटणे स्वाभाविकच आहे.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्रानेही लय ठरवली आहे. एका कडव्याला चौसष्ट मात्रा लागतात. मिनिटाला ६४ मात्रांच्या लयीत एक कडवे बरोबर एका मिनिटात संपते. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत असत, म्हणजे त्या लयीत तीन कडवी. चौथे कडवे हवे असेल, तर लय वाढवणे भाग होते. शिवाय १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहावे लागे. त्यामुळे मोठा गायकवृंद आटोपशीर करावा लागे आणि मागचे आवाज दबत.

अशा तबकडीवरून पट्टी ठरवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी साधारण ८२ ते ८३ फेऱ्यांनी फिरवली, तर गाणे अर्ध्या स्वराने चढते आणि काळी दोनमधले गायन पांढरी तीनमधले भासते. लयही त्याच प्रमाणात, ६४ वरून ६८ च्या आसपास जाते. म्हणून जुन्या मुद्रणाची पट्टी लिहिताना तबकडी किती वेगाने वाजवली आणि साथीला ऑर्गन होता, पेटी होती की बँड, हेही शेजारी नोंदवलेले असावे.