अजिंठा भित्तिचित्रांचे जतन

अजिंठा (ता. सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर) येथील बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रे टिकवून धरण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेले प्रयत्न. चित्रांच्या नकला करणे, सुटलेला गिलावा भिंतीला धरून बसवणे, रोगण (व्हार्निश) चढवणे व पुढे तेच उतरवणे, डोंगरातून झिरपणारे पाणी वळवणे आणि अलीकडच्या काळात गर्दीला आवर घालणे, ही कामे त्यांत येतात. लेण्यांचे शिल्प, स्थापत्य व जातककथांचे चित्रविषय यांचा विचार येथे केलेला नाही.

वाघूर (वाघोरा) नदीच्या नालाकृती वळणावर, काळ्या पाषाणाच्या कड्यात तीस लेणी आहेत. जुन्या नोंदींत हा आकडा एकोणतीस येतो, कारण क्र. १५अ नंतर मोजले गेले. लेणी दोन टप्प्यांत खोदली गेली. ९, १०, १२, १३ व १५अ ही सातवाहनकालीन व त्याआधीची (सु. इ. स. पू. दुसरे ते इ. स. पहिले शतक), तर बाकीची वाकाटक काळातील आहेत. चित्रे प्रामुख्याने १, २, १६ व १७ या लेण्यांत टिकली आहेत. ९ व १० मध्ये जुने थर असून त्यांवर नंतरच्या काळातील चित्रेही आहेत.

दुसऱ्या टप्प्याचा काळ वादाचा आहे. पूर्वीचे अभ्यासक तो पाचव्यापासून सातव्या शतकापर्यंत ताणत. वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादक वा. वि. मिराशी यांनी हरिषेण राजाचा काळ सु. ४७५–५०० असा धरला. १६व्या लेण्यातील लेख त्याचा अमात्य वराहदेव याचा असल्याने लेण्याचा काळ त्यावरून ठरतो. अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी मात्र सगळे काम सु. ४६२ ते ४८० एवढ्या अवघ्या दोन दशकांत कोंबले. त्यांची वर्षागणिक मांडणी सर्वांना मान्य नाही आणि काही ठिकाणी ती पुराव्याच्या पुढे धावते. तरीही दुसरा टप्पा मुख्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, हे आता बहुतेकांना पटलेले दिसते. जतनाच्या दृष्टीने या वादाला महत्त्व आहे. काम थोड्या वर्षांत होऊन एकाएकी थांबले असेल, तर अपुरी राहिलेली चित्रे व कच्चे रंग हे मूळचेच होत. ते झीज समजून भरून काढणे चूक ठरेल.

मधल्या काळाविषयी साधने विरळ आहेत. सातव्या शतकात ह्युएनत्संगने महाराष्ट्राच्या वर्णनात दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचा उल्लेख केला आहे, तो अजिंठ्याचा मानतात.

घडण : कठीण पाषाणावर टाकीचे घाव तसेच खडबडीत ठेवून त्यांवर मातीचा गिलावा दिलेला आहे. मातीत भाताचे तूस, गवत व इतर वनस्पतींचे तंतू मिसळलेले दिसतात. वरती पांढऱ्या लेपाचा अंड्याच्या कवचाइतका पातळ हात, त्यावर लाल रेघेने आखणी आणि मग रंग. रंग बहुतेक खनिज आहेत : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम व केओलिन. काळा तेवढा काजळीचा. निळ्यासाठी लाजवर्द (लॅपिस लाझुली हा निळा दगड) वापरला आहे. तो बहुधा आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असावा.

फ्रेस्को की टेंपेरा : प्रश्न वरवर पाहता पारिभाषिक वाटतो, पण चित्रे कशी धुवावीत, मुळात धुवावीत की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे बांधले जातात. असे चित्र पाण्याने हलकेच पुसता येते. टेंपेरात गिलावा आधी वाळलेला असतो आणि रंग सरस किंवा डिंकासारख्या बंधकात कालवून लावलेला असतो. सरसाला पाणी लागले की तो फुगतो, वाळताना आकसतो आणि रंगाची खपली सुटते.

अजिंठ्यातील चित्रांची नक्कल करणारे जॉन ग्रिफिथ्स यांना ही पद्धत दोहोंचे मिश्रण वाटली. पांढऱ्या लेपात चुना दिसल्याने आणि रंग दीर्घकाळ टिकल्याने त्यांचा तसा समज झाला असावा. पुढे येथेच नकला करणाऱ्या इंग्लिश चित्रकर्त्री क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा अधिकार वेगळा होता. मध्ययुगीन इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याच्या ग्रंथाचा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला होता आणि लंडनमध्ये टेंपेरा चित्रकारांची संस्था काढण्यात पुढाकार घेतला होता. तरीही त्यांच्या नकलांचे पुस्तक १९१५ साली निघाले ते नावात ‘फ्रेस्कोज’ हा शब्द घेऊनच. मराठीतही ‘अजिंठ्याचे फ्रेस्को’ हा प्रयोग तेव्हापासून जो रुळला तो अजून हटलेला नाही.

१९३०च्या दशकात मद्रास संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी गिलाव्याचे व रंगथराचे पृथक्करण केले आणि वाळलेल्या पृष्ठावर सरसासारख्या बंधकाने रंग दिल्याचा निष्कर्ष काढला. याच सुमारास तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील चोळकालीन चित्रे खरी फ्रेस्को असल्याचे त्यांनीच दाखवले होते, तेव्हा त्यांचा कल आधीच एका बाजूला होता असे म्हणता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनज्ञ बी. बी. लाल (याच नावाचे उत्खननकार वेगळे) यांचे मतही पुढे टेंपेराच्याच बाजूने पडले. ते ग्राह्य धरावे. खाली मातीचाच गिलावा असताना रंग चुन्यात बांधला गेला, हे म्हणणे फारसे टिकत नाही.

नकला : २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळातील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला. १०व्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली, तीही चित्रावरच. पुढची काही दशके हौशी पाहुण्यांची होती. डॉ. जेम्स बर्ड यांनी काही आकृती संग्रहासाठी भिंतीवरून सोडवण्याचा प्रयत्न केला व त्यांत त्यांचा चुरा झाला, असे तत्कालीन लेखक सांगतात. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा आहे.

स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला, आणि त्यानंतर कंपनी सरकारने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या सैनिकी चित्रकाराची नेमणूक केली. त्या काळी जतन म्हणजे नक्कल. मूळ चित्र नष्ट होणारच, निदान त्याची प्रत राहावी, असा हिशेब होता. तो उलटा पडला. गिल यांच्या मोठ्या तैलप्रतींपैकी बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी. त्या प्रतींतील बराच भाग १८८५ साली लंडनमधील साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत गेला. भिंतीवरची चित्रे मात्र जागेवर राहिली.

गिल यांनी घेतलेली छायाचित्रे त्यांच्या तैलप्रतींइतकी गाजली नाहीत. झिजेची मोजणी करताना मात्र ती जास्त उपयोगी पडतात, कारण छायाचित्रात चित्रकाराची सुधारणा शिरत नाही. हेरिंगहॅम यांच्याबरोबर १९०९–११ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा, सय्यद अहमद आदी चित्रकार होते. त्या मोहिमेचा परिणाम चित्रांच्या जतनापेक्षा बंगालच्या चित्रकलेवर अधिक झाला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही अजिंठ्यावर १९३२ साली सचित्र ग्रंथ काढला.

रोगणाची कथा : नक्कल करताना काजळलेले चित्र नीट दिसावे म्हणून त्यावर रोगण फिरवण्याची पद्धत नकलाकारांनीच पाडली. ओले रोगण रंग खुलवते, त्यामुळे काम सोपे होते. ग्रिफिथ्स यांच्या काळातील रोगण पुढे पिवळे पडून तडकले.

लेणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले व गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. त्यांनी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी हे जतनतज्ज्ञ व त्यांचे सहायक ओर्सिनी यांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात दोन हिवाळे काम करून त्यांनी भिंतीपासून सुटलेल्या पोकळ गिलाव्यात चिकट द्रव्य भरले, तुटलेल्या कडा बांधून घेतल्या आणि पृष्ठावर मद्यार्कात विरघळवलेल्या पांढऱ्या चपड्याचा (लाखेचा) हात दिला. यांतील पहिली दोन कामे आजही उत्तम म्हणावी लागतील. ती झाली नसती तर १७व्या लेण्यातील कितीतरी चित्रे खाली आली असती. चपड्याने मात्र घात केला. तो वर्षांगणिक तपकिरी होत गेला, त्यावर धूळ व काजळी धरली आणि आकसताना त्याने रंगाची पापुद्री ओढली. अजिंठ्याच्या रंगसंगतीविषयी लिहिताना ‘उबदार सोनेरी छटा’ म्हणून जे कौतुक छापून येते, त्यातला काही वाटा या लाखेचा आहे.

१९५१च्या कायद्याने लेणी राष्ट्रीय महत्त्वाची ठरून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आली. त्यानंतरच्या रासायनिक कामाचा मोठा भाग म्हणजे आधीच्यांनी चढवलेले उतरवणे. बंधक सरसाचे असल्याने पाणी वर्ज्य, म्हणून सेंद्रिय द्रावके कापसाच्या बोळ्याने लावून बोटाएवढा भाग एका वेळी मोकळा करावा लागतो. सुट्या रंगासाठी चपड्याऐवजी पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे कृत्रिम चिकट द्रव्य वापरले गेले. तेही कालांतराने काढावे लागेल काय, याविषयी रसायनज्ञांत दुमत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ९ व १० या लेण्यांतील काळवंडलेले जुने थर साफ करण्यावर भर आहे.

पाणी, कीड, माणसे : पावसाळ्यात पाषाणाच्या सांध्यांतून पाणी झिरपते. त्यासाठी डोंगरमाथ्यावर पन्हळी काढल्या व भेगा बुजवल्या आहेत. वटवाघळांची विष्ठा आम्लधर्मी असून रंग खाते, त्यासाठी दारांना जाळ्या बसवल्या. गिलाव्यातील तूस व गवत हे किडीचे खाद्य. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. अजिंठ्यात ते नाहीत, आणि तेथील निदान एक चतुर्थांश चित्रे किडीने गेली असावीत, असा अंदाज त्यात मांडला आहे. भांगेमुळे कीड दूर राहते ही उपपत्ती आकर्षक आहे. पण दोन ठिकाणच्या ओलाव्यातील फरक लक्षात घेता तिला एकमेव कारण मानणे घाईचे होईल.

१९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गर्दीने लेण्यांतील आर्द्रता व उष्णता वाढते, म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी सुमारे चाळीस जणांनाच सोडतात. प्रकाश मंद, अतिनील किरण नसलेला असतो व चमकदिव्याला (फ्लॅश) बंदी आहे. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर अडवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने नेतात. तेथेच जपानी कर्जसाहाय्याच्या विकास योजनेतून उभारलेले अभ्यागत केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. १, २, १६ व १७ या लेण्यांच्या पूर्णाकार प्रतिकृती त्यात आहेत.