उद्योजकता शिकवणाऱ्यांची शाळा: कलाभवनापासून एफडीपीपर्यंत

जूनमध्ये टाइमटेबल लागलं की 'उद्योजकता विकास' हा विषय कुणाच्या नावापुढे पडतो, हे बडोद्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बघण्यासारखं असतं. अकाउंट्सचा माणूस ठरलेला, स्टॅटिस्टिक्सचा ठरलेला. हा विषय मात्र ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात. वर हसत हसत सांगतात, "दोन आठवड्यांची एफडीपी करून टाका, सर." एफडीपी म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, मास्तरांचीच शाळा. दोन आठवड्यांत मास्तराला उद्योजकता शिकवता यावी ही कल्पना कुठून आली, याचा माग काढायला गेलं तर गंमत अशी की बडोद्यात ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. इथे आधी धंदा जाणणारा मास्तर होता, त्याच्या प्रशिक्षणाची सोय नंतर कितीतरी वर्षांनी आली.

1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली. मुख्य नेमले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रं हे सगळं हाताने शिकवायचं, तेही मुलांना कळेल अशा भाषेत, हा गज्जरांचा आग्रह. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथेच. मराठी वाचकाला गज्जर आठवतील ते बहुधा वेगळ्याच कारणाने. चापेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं, ते संगमरवराला धक्का न लावता काढून देणारे रसायनतज्ज्ञ हेच. देशभक्तांनी त्यांच्यावर रागवावं की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष 1907. गज्जर, त्यांच्या तालमीतले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली. सुरुवातीचा माल म्हणजे टिंक्चर आणि अल्कोहोल. लगेच पुढच्या वर्षी, 20 जुलै 1908 ला, महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. प्रयोगशाळा, कारखाना आणि भांडवल एका गावात, एकाच पिढीत. गज्जरांना कुणी उद्योजकतेच्या प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं. बाटलीत काय आहे आणि ती किती आण्याला खपेल, हे दोन्ही कळणारा मास्तर होता, एवढंच. आणि भागीदारांत एक नाव कोटिभास्कर होतं, हे दांडिया बाजार या बडोद्याच्या मराठी वस्तीतल्या 'आपली माणसं नोकरीतच बरी' म्हणणाऱ्या आजोबांना मी दर गणपतीत ऐकवतो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विरघळलं. रिक्षावाल्याला आजही 'कलाभवन'च सांगावं लागतं. पण विद्यापीठ म्हटलं की पदवी, अभ्यासक्रम, परीक्षक, पेपर तपासणी आली. मास्तर कारखान्यात भागीदार असणं ही गोष्ट हळूहळू कौतुकाची न राहता चौकशीची झाली.

तिकडे उद्योजक घडवता येतो का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी उचलला. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1964 च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साथीने आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांवर प्रयोग केला. काहीतरी करून दाखवण्याची ओढ रक्तात असावी लागते असं नाही, ती प्रशिक्षणाने वाढवता येते, हा त्यांचा दावा. आपल्याकडच्या 'धंदा बनियानेच करावा' या समजुतीला याहून जोराचा धक्का दुसरा कुठला नसेल.

गुजरातने तो धागा पकडला तो मात्र पैशाच्या बाजूने. 1969-70 च्या सुमारास राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञांसाठी तारणाशिवाय पूर्ण कर्ज द्यायची योजना काढली. हातात कौशल्य होतं पण गहाण टाकायला काही नव्हतं, असे लोक पुढे आले. मग लक्षात आलं की नुसत्या पैशाने भागत नाही. त्यातून निवड, प्रेरणा, प्रकल्प अहवाल आणि पाठपुरावा असं एकसंध प्रशिक्षण आकाराला आलं. त्यामागे प्रमुख नाव डॉ. व्ही. जी. पटेल यांचं, ज्यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली. 1979 मध्ये राज्याचं उद्योजकता विकास केंद्र झालं आणि 1983 मध्ये आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय या वित्तसंस्था आणि स्टेट बँक यांच्या पाठबळाने अहमदाबादला राष्ट्रीय पातळीवरची ईडीआयआय ही उद्योजकता विकास संस्था.

नावं पाहिली तर महामंडळं आणि बँका. विद्यापीठ कुठे नाही. प्रशिक्षक लागले तेही तिथूनच तयार केले गेले. प्राध्यापक आला तो मागच्या दाराने. 1982 मध्ये दिल्लीत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली एनएसटीईडीबी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ, स्थापन झालं. इंजिनीअरिंग आणि सायन्सच्या पदवीधरांनी नोकरीच्या रांगेत उभं न राहता काही सुरू करावं, हा हेतू. पण त्यांना सांगणार कोण? त्यांचेच मास्तर. म्हणून मास्तरांसाठी दोन आठवड्यांचे वर्ग सुरू झाले, आणि स्टाफरूममधला तो 'दोन आठवडे' आकडा बहुधा तिथूनच आला.

या वर्गांत एक खेळ ठरलेला असतो, ठोकळ्यांचा मनोरा. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, उजवा हात पाठीमागे, डाव्या हाताने लाकडी ठोकळे एकावर एक रचायचे. आधी स्वतःच सांगायचं, किती रचणार. बाजूला दोघे उभे: एक धीर देणारा, एक सूचनांचा भडिमार करणारा. पहिल्यांदा मी सहा सांगितले आणि चौथ्याला कोसळलो. दुसऱ्यांदा घाबरून चार सांगितले आणि नऊ रचले. स्वतःला कमी लेखणं आणि फुशारकी, दोन्ही एका बैठकीत उघडे पडतात. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून जे कळलं नव्हतं ते त्या रुमालाने दाखवलं, हे कबूल करतो. या खेळाचं कुळ थेट मॅक्लेलंडपर्यंत जातं, हे मात्र तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

दरम्यान 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली आणि ओरिएंटेशन-रिफ्रेशर कोर्स पदोन्नतीला जोडले. तेव्हापासून प्रशिक्षण ही ज्ञानाची गोष्ट राहिली तशी फाइलचीही झाली. याचा दोष मास्तरांना देऊ नये. दाखला नसेल तर वरची श्रेणी अडते, आणि श्रेणी अडली की घरचा हप्ता अडतो.

2000 नंतर वाधवानी फाउंडेशनच्या नॅशनल आंत्रप्रेन्युअरशिप नेटवर्कने आयआयटी मुंबई, आयआयएम अहमदाबाद अशा संस्थांना सोबत घेऊन प्राध्यापक घडवायचं काम हाती घेतलं. शिकवण्याची भाषा बदलली: प्रकल्प अहवालाच्या जागी ग्राहकाला भेटून या, असं सांगू लागले. गुजरातचं विद्यार्थी स्टार्टअप व नवोपक्रम धोरण 2017 मध्ये आलं, 2018 मध्ये कॉलेजाकॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिलं आली. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने तर शिक्षकाला स्वतःचा स्टार्टअप काढायची मुभा दिली आणि ते काम त्याच्या मूल्यमापनात धरावं असं म्हटलं. गज्जरांनी शंभर वर्षांपूर्वी जे न विचारता केलं त्याला आता परिपत्रक मिळालं. 2022 मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणून उद्योगातल्या माणसाला पीएच.डी.शिवाय वर्गात यायची वाट करून दिली. कोविडमध्ये एफडीपी ऑनलाइन झाल्या. कॅमेरा बंद, शेवटी गुगल फॉर्म, संध्याकाळी दाखला मेलवर. त्या काळातले पाच-सहा दाखले माझ्याकडेही आहेत, त्यांबद्दल फार खोलात विचारू नये.

माझ्या प्रत्यक्ष एफडीपीत एक दिवस मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्याची भेट होती. व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारा मालक, बडोद्याच्या वाडी भागातला, घरी मराठी बोलणारा. आम्ही पंचवीस प्राध्यापक लेथभोवती उभे राहिलो. त्याने मशीन बंद केलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणी कधी स्वतःच्या नावाचं बिल फाडलंय?" कुणीच हात वर केला नाही. मग त्याने टेबलाच्या खणातून उधारीची वही काढून आमच्यापुढे ठेवली. कुणाचे साठ दिवस, कुणाचे एकशेवीस, एका नावापुढे लाल शाईत फक्त 'फोन उचलत नाही'. अकाउंट्स शिकवणाऱ्या बाई वही घेऊन स्टुलावर बसल्या आणि पानापानाला प्रश्न विचारू लागल्या. व्याज कोण भरतं? माल थांबवता का? पगार कशातून देता? बाहेर बसवाला हॉर्न देत होता. जेवणाची वेळ झाली होती आणि कार्यक्रमपत्रिकेत भेटीला पंचेचाळीस मिनिटंच होती.