पल्सारचा व्होल्टेज टिकतो कुठे?

जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास कास पठारावरून पाहिले, तर वृषभेतला क्रॅब तेजोमेघ जवळजवळ डोक्यावर असतो. खस्वस्तिकापासून जेमतेम चार अंश उत्तरेला. १०५४ साली दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या मध्यभागी वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटातून उरलेला अतिघन गाभा, सेकंदाला तीस गिरक्या घेतो आहे. प्रत्येक गिरकीबरोबर त्याच्या प्रारणाचे स्पंद येतात, म्हणून त्याला पल्सार म्हणतात. त्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे चार लाख कोटी गॉस; आपल्याकडे पृथ्वीचे अर्धा गॉसही भरत नाही.

फिरत्या चुंबकातून वीज कशी होते, हे कोयनेच्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. या ताऱ्यावर तोच नियम एकावर सोळा शून्ये इतक्या व्होल्टच्या पलीकडे जातो. अवघड प्रश्न पुढचाच आहे: हा व्होल्टेज टिकतो कुठे?

गोल्डराइख आणि ज्युलियन या खगोलभौतिकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दाखवले, की पृष्ठभागावरचे विद्युतबल गुरुत्वाकर्षणाच्या अब्जावधी पट असते. ते पृष्ठभागातूनच विद्युतभार उपसून काढते. हे भार सभोवार पसरले की चुंबकीय रेषांच्या दिशेतले विद्युतक्षेत्र शून्यावर येते, म्हणजे शॉर्टसर्किटच. कणांना वेग मिळतो तो भार अपुरे पडतात अशा पोकळ्यांमध्ये. पण पोकळी स्वतःच स्वतःला बुजवते. वेगवान इलेक्ट्रॉन वक्र रेषेवरून जाताना गॅमा किरण सोडतो, त्या किरणापासून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, आणि अशा जोड्यांची रास क्षेत्र पुन्हा मिटवते.

ही पोकळी ध्रुवाजवळ, पृष्ठभागालगत असती तर तिथल्या तीव्र चुंबकीय क्षेत्राने जास्त ऊर्जेचे गॅमा किरण गिळले असते आणि वर्णपट, म्हणजे किरणांची ऊर्जेनुसार मांडणी, वरच्या टोकाला एकदम तुटला असता. २००८ मध्ये सोडलेल्या, गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाला तो हळूहळू उतरताना दिसला. २०१६ मध्ये गॅमा किरणांच्या मॅजिक दुर्बिणींनी या पल्सारचे स्पंद दीड लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेपर्यंत नोंदवले. म्हणून आता नजर बाहेर, सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. तिथे ताऱ्याबरोबर फिरायचे तर प्रकाशाचा वेग गाठावा लागेल, त्यामुळे चुंबकीय रेषा उघड्या पडतात. त्यापलीकडे विरुद्ध दिशांच्या रेषा एका पातळ विद्युतप्रवाही पडद्याच्या दोन बाजूंना येतात, तुटून पुन्हा जुळतात आणि चुंबकीय ऊर्जा कणांच्या हवाली करतात.

ताऱ्यालगत मात्र कण जितका वेगवान, तितका तो प्रारणातून ऊर्जा गमावतो. बाहेर तेजोमेघात चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या हजारांशाहूनही क्षीण असल्याने ही गळती फार कमी. पल्सारमधून निघालेला कणांचा वारा तिथे अडतो आणि कण पुन्हा ऊर्जा कमावतात. त्यात धक्कालहरीचा वाटा किती आणि रेषांच्या पुनर्जोडणीचा किती, यावर वाद चालू आहे. २०२१ मध्ये चीनच्या ल्हासो वेधशाळेने तेजोमेघातून आलेला १,१०० लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, जाहीर केला. तो घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे याच्या दुपटीइतकी ऊर्जा असावी लागते, म्हणजे पल्सारच्या एकूण व्होल्टेजच्या जवळपास दहावा हिस्सा एकट्या कणात.

या सगळ्याचा खर्च गिरकीतून निघतो. क्रॅब पल्सारची एक फेरी दर दिवशी सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी लांबते.