शस्त्रनियंत्रण पडताळणी

शस्त्रनियंत्रण करार दुसरा पक्ष पाळतो आहे की नाही, हे तपासण्याची त्या करारातच ठरवून दिलेली पद्धत. उपग्रह-निरीक्षण, माहितीची देवाणघेवाण, सूचना आणि स्थळतपासणी ही तिची मुख्य साधने. महासत्तांचे करार पाहिले, तर मर्यादा कशावर घालायची हे शस्त्राच्या घातकतेपेक्षा ते मोजता येते की नाही यावरच अधिक ठरत आले आहे.

अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील 1972 चा ‘साल्ट-1’ हा लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार हे याचे ठळक उदाहरण. परक्या निरीक्षकांना आपल्या तळांवर येऊ देणे तेव्हा शक्य नव्हते. उपग्रहातून सायलो (क्षेपणास्त्रे ठेवण्याची जमिनीखालची विवरे) आणि पाणबुड्या दिसत, म्हणून मर्यादा आली ती प्रक्षेपकांवर, म्हणजे क्षेपणास्त्र सोडणाऱ्या साधनांवर. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अण्वस्त्र) बसवण्याचे तंत्र त्यातून सुटले आणि प्रक्षेपक न वाढताही वॉरहेड वाढत गेले. उपग्रह मात्र निरुपयोगी नव्हते. त्याच वर्षीच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारानुसार पूर्वसूचना देणारी रडारे देशाच्या सीमेवर, बाहेर तोंड करूनच उभारायची होती. सायबेरियातील क्रास्नोयार्स्कजवळ, सीमेपासून खूप आत बांधले जात असलेले रडार अमेरिकी उपग्रहांनी 1983 मध्ये टिपले. हे उल्लंघन होते, अशी कबुली सोव्हिएत नेतृत्वाने 1989 मध्ये दिली.

मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील 1987 च्या आयएनएफ करारात निरीक्षक प्रथमच कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचले. त्याखाली 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली. खरी अडचण वोत्किन्स्क येथील सोव्हिएत क्षेपणास्त्र-कारखान्यात होती. बंदी असलेल्या एसएस-20 क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा आणि परवानगी असलेल्या एसएस-25 चा पहिला टप्पा बाहेरून सारखेच दिसत, आणि क्षेपणास्त्र बाहेर पडे ते नळकांड्यात बंद होऊन. त्यासाठी फाटकावर क्ष-किरण यंत्र बसवले गेले. यंत्र गुपिते किती उघडी पाडील यावरून 1990 मध्ये वाद पेटला आणि काही क्षेपणास्त्रे तपासणीविनाच बाहेर नेण्यात आली. पडताळणीतले बहुतेक तंटे असेच असतात: फसवणुकीचा पुरावा क्वचितच हाती लागतो, भांडण होते ते किती पाहू द्यायचे यावर.

सर्वांत तपशीलवार पद्धत 2011 मध्ये लागू झालेल्या अमेरिका-रशिया ‘न्यू स्टार्ट’ कराराची. प्रत्येक देशाला तैनात वॉरहेड 1,550, तैनात क्षेपणास्त्रे व बॉम्बर मिळून 700, आणि तैनात नसलेले धरून प्रक्षेपक व बॉम्बर 800, अशी मर्यादा होती. प्रत्येक क्षेपणास्त्राला व बॉम्बरला स्वतंत्र ओळखक्रमांक होता. वर्षातून दोनदा आकडेवारी दिली जाई आणि मधल्या काळातले बदल सूचनेद्वारे कळवले जात. तपासण्या वर्षाला 18: तैनात शस्त्रे असलेल्या तळांवर 10, साठवण व इतर ठिकाणी 8.

पथक देशात उतरल्यावरच कोणता तळ पाहायचा ते सांगे. ठिकाण जाहीर झाले की ठरलेल्या वेळात त्या तळावरील हालचाली थांबवाव्या लागत. मग पथक एक क्षेपणास्त्र निवडे. त्याचा पुढचा भाग उघडला जाई, पण वॉरहेडवर यजमानाचे आवरण असे. आवरणाखाली नग किती एवढेच मोजायचे. यजमान एखादी वस्तू अण्वस्त्र नसल्याचे सांगत असेल, तर न्यूट्रॉन (अण्वस्त्रातून बाहेर पडणारे कण) मोजून खात्री करता येई. बॉम्बरचा हिशेब मात्र चमत्कारिकच होता: वीस क्रूझ क्षेपणास्त्रे नेऊ शकणारे बी-52 हे अमेरिकी बॉम्बरदेखील एकच वॉरहेड धरले जाई, कारण तळांवर एरवी बॉम्बरवर अण्वस्त्रे चढवलेली नसतात.

कोठारातले वॉरहेड आणि कमी पल्ल्याची अण्वस्त्रे या मोजणीत कधीच आली नाहीत. वॉरहेड खरे आहे हे किरणोत्साराच्या मापनावरून ठरवता येते, पण तेच मापन त्याची रचनाही उघड करते. म्हणून उपकरणाने आकडे न दाखवता फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावे, असा मार्ग सुचवला गेला. त्यातही पेच उरतो: यजमानाच्या उपकरणावर पाहुणा विश्वास ठेवत नाही आणि पाहुण्याचे उपकरण यजमान आत येऊ देत नाही.

2020 मध्ये कोविडमुळे तपासण्या थांबल्या. तोवर 328 झाल्या होत्या. फेब्रुवारी 2023 मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला, त्यानंतर अमेरिकेनेही आकडेवारी देणे बंद केले. 5 फेब्रुवारी 2026 ही कराराची अखेरची मुदत होती. एकदाच मिळू शकणारी मुदतवाढ 2021 मध्येच वापरली गेली होती. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या उड्डाणाची आगाऊ सूचना देण्याचा 1988 चा वेगळा करार मात्र पाळत राहू, असे रशियाने स्थगितीच्या वेळी जाहीर केले.