राजवाडा, इंदूर

इंदूरच्या जुन्या वस्तीत, खजुरी बाजारालगतच्या चौकात उभा असलेला होळकर घराण्याचा सात मजली वाडा. सुभेदार मल्हारराव होळकरांनी 1747 मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. खुद्द अहिल्याबाईंनी मात्र कारभार हाकला तो महेश्वरहून.

खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. बाहेरच्या बाजूस कोरीव झरोके आणि सज्जे, मध्यभागी लोखंडी खिळे ठोकलेला भव्य दरवाजा. आत शिरले की मराठी वाड्याचा ओळखीचा चौक लागतो. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड याचे देवघरही वाड्यातच आहे. शैलीत मराठा, मुघल आणि फ्रेंच वळणांची सरमिसळ आहे. तरी मांडणीचा पाया वाड्याचाच, हे चौकात उभे राहिल्यावर लगेच पटते.

या वास्तूचा इतिहास आगींनी घडवला आहे. 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनवर चाल करून शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा सूड म्हणून शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले आणि वाडा जाळला. 1818 मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसोर तहानंतर इंदूर हे होळकर संस्थानची राजधानी झाले. दिवाण तात्या जोग यांच्या काळात वाड्याच्या पुनर्बांधणीला गती आली. 1834 मध्ये पुन्हा आग लागून वरच्या लाकडी मजल्याचे नुकसान झाले. तिसरी आग 1984 ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाड्याचा मागचा भाग भस्मसात झाला. दर्शनी भाग वाचला, म्हणूनच आज समोरून पाहणाऱ्याला त्या हानीची कल्पना येत नाही.

पुढे 2006 च्या सुमारास होळकर घराण्यातील उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने जळालेला भाग जुन्या धाटणीप्रमाणे पुन्हा उभारण्यात आला. नवी काँक्रीटची इमारत त्या जागी आली असती, तर चौकाचा घाटच हरवला असता. त्यामुळे हा निर्णय मोलाचा ठरतो.

राजघराण्याचा मुक्काम पुढे लालबाग महालात हलला, पण शहराचे सण राजवाड्यासमोरच राहिले. होळकरांची ‘सरकारी होळी’ आजही इथेच पेटते आणि रंगपंचमीची ‘गेर’ म्हणजे रंगांची मिरवणूक याच चौकातून जाते.