‘तेलेइओस’ : पूर्ण की प्रौढ?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाचं शेवटचं वचन अनेकांच्या मनावर दडपण आणतं: स्वर्गीय पिता पूर्ण आहे, तसे तुम्हीही पूर्ण व्हा. कुणाला जमणार हे? पण इब्री लोकांस पत्रात (5:14) दूध पिणारी बाळं आणि जड अन्न पचवणारे ‘प्रौढ’ अशी तुलना येते, तेव्हा कुणी दचकत नाही. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन्हीकडे शब्द एकच आहे, ‘तेलेइओस’. मराठीत तो असा दोन शब्दांत विभागला गेल्यामुळे या दोन वचनांमधलं नातं वाचताना जाणवत नाही.

शब्दाचं मूळ ‘तेलोस’ या नामात आहे. तेलोस म्हणजे शेवट, पण नुसतं संपणं नव्हे. जिथे पोहोचायचं होतं तिथे पोहोचणं. जे आपल्या तेलोसपर्यंत पोहोचलं ते तेलेइओस. लूकच्या आठव्या अध्यायात काटेरी झुडपांत पडलेल्या बियांबद्दल याच मुळाचं एक क्रियापद आलं आहे: रोप उगवतं, वाढतं, पण फळ तेलोसला नेत नाही. आपल्याकडे शेतकरी म्हणेल, दाणा पोसला नाही. अर्थाची ही बाजू मला सगळ्यांत जवळची वाटते.

हा शब्द बायबलच्या कितीतरी आधीचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये देवाला अर्पण करायच्या बकऱ्यांना हेच विशेषण आहे. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या भागात त्याचे अर्थ उलगडून सांगितले: ज्यातला एकही भाग बाहेर राहिलेला नाही ते, आपल्या प्रकारात ज्याच्यापुढे कुणी जाऊ शकत नाही ते, आणि ज्याने आपलं ध्येय गाठलं आहे ते. वैद्य आणि बासरीवादक ही त्याची उदाहरणं. लाक्षणिक अर्थाने चोरालाही तेलेइओस म्हणता येतं, हे तो सांगतो. म्हणजे शब्दात नैतिक शुद्धता मुळातून नव्हती.

ती आली ती अलेक्झांड्रियात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिथे हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, तेच सेप्टुआजिंट. वल्हांडण या ज्यूंच्या सणाचं कोकरू कसं हवं? नर, एक वर्षाचं आणि ‘तामीम’ (निर्गम 12:5). तामीम म्हणजे अखंड, धडधाकट. आंधळं, मोडक्या पायाचं, खरजेचं जनावर वेदीवर चालत नसे. या तामीमसाठी भाषांतरकारांनी इथे तेलेइओस घेतला. नोहाबद्दलही तोच शब्द आला, आणि बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या (18:13) ‘परमेश्वरासमोर तामीम राहा’ या आज्ञेतही. अशा रीतीने दोन धागे एका शब्दात गुंफले गेले: ग्रीकांचं ‘परिपक्व’ आणि हिब्रूंचं ‘अखंड, दुभंग नसलेलं’. मत्तय 5:48 चा, म्हणजे सुरुवातीच्या त्या वचनाचा, सूर ‘अनुवाद’मधल्या त्या आज्ञेशी स्पष्टपणे जुळतो. त्याआधीची वचनं शत्रूवर प्रीती करण्याची आणि भल्याबुऱ्यांवर सारखाच उगवणाऱ्या सूर्याची आहेत. लूकने त्या जागी ‘दयाळू व्हा’ असं लिहिलंय (6:36). मागणी आहे ती प्रेमात वाटण्या न करण्याची. एकही चूक न करण्याची अट त्यात वाचणं मला चुकीचं वाटतं.

मग दडपण आलं कुठून? बराचसा भार लॅटिनचा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती पंडिताच्या हातून तयार झालेल्या लॅटिन शुभवर्तमानांत इथे ‘पेर्फेक्तुस’ आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पूर्णत्वास नेलेलं’, म्हणजे ग्रीकच्या जवळचाच. पण त्यातूनच आलेला इंग्रजीतला ‘परफेक्ट’ आज ‘निर्दोष’ याच अर्थाने कानावर पडतो. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्लीने ख्रिस्ती परिपूर्णतेवर 1766 मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा या पूर्णतेत अज्ञान आणि चुका राहतातच, हे त्याला बजावून सांगावं लागलं.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात या शब्दाची दोन रूपं अवघ्या तीन वचनांच्या अंतरावर येतात. 3:12 मध्ये तो याच मुळाचं क्रियापद वापरून म्हणतो, मी अजून पूर्ण झालेलो नाही, धावतो आहे. आणि 3:15 मध्ये: आपल्यातले जे तेलेइओस आहेत त्यांनी हीच वृत्ती ठेवावी. अजून पोहोचलो नाही हे ज्याला कळलंय आणि तरी जो धावतोय, त्यालाच तो इथे प्रौढ म्हणतो.